कासवांसाठी घर विकावं का?

या वेळचं पत्र न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलं आहे. थोडं काटछाट करून देते.

"ताई, सप्रेम नमस्कार. वय ६३. एकतीस वर्षं औषध कंपनीच्या लॅबमध्ये काढून मार्चअखेर निवृत्त होतोय. मुलगा सिअ‍ॅटलला, त्याचं छान चाललंय. चार बेडरूमचं घर आता अंगावर येतं. मनात असं आहे की ते विकून ३६ फुटी मोटरहोम घ्यावी आणि वर्षभर एका नॅशनल पार्कमधून दुसऱ्यात, वन्यप्राण्यांसाठी व्हॉलंटियर म्हणून काम करत राहावं. गाडी लावायला जागा फुकट मिळते असं ऐकलंय. सुरुवात टेक्सासच्या पाद्रे आयलंडवरच्या कासवांपासून करायची इच्छा आहे. आयुष्यभर पिंजऱ्यातले उंदीर हाताळले, आता मोकळ्या प्राण्यांना हात लावायचाय. अर्ज कुठे करावा, गाडी कोणती घ्यावी, आणखी काय बघावं?"

आणि खाली, त्याच मेलमध्ये: "ताई, पाठवायच्या आधी ह्यांनी मला वाचायला दिलं म्हणून लिहिते. मी मूळची मंडणगडची, ५९ वर्षांची. वेळासची कासवं मी पाहिली आहेत. पण घर विकायचं आहे हे मला आत्ता या मेलमध्ये कळलं."

नमस्कार.

वहिनींच्या त्या चार ओळी मी तुमच्या पत्राहून जास्त वेळा वाचल्या. त्यांच्याकडे येतेच. आधी तुमच्या पत्रातल्या एका शब्दाशी मला भांडायचं आहे, तो म्हणजे 'हात लावायचाय'.

मी आणि माझे यजमान गेली काही वर्षं वर्षातले चार-पाच महिने हेच व्हॉलंटियरचं काम करतो आहोत. इतक्या वर्षांत मी एकाही जंगली प्राण्याला हात लावलेला नाही, आणि तोच माझ्या कामाचा पुरावा आहे. कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये शीप लेक्स म्हणून एक जागा आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बिगहॉर्न मेंढ्या वरच्या डोंगरातून तिथे क्षार चाटायला उतरतात. डोंगर आणि तळं यांच्या मधून रस्ता जातो. मेंढ्या रस्त्याच्या कडेला आल्या की बनियनसारखं जॅकेट घातलेले व्हॉलंटियर 'थांबा'ची पाटी धरून दोन्हीकडची वाहतूक अडवतात, मेंढ्या निवांत पलीकडे जातात, आणि पाटी खाली येते. झालं वन्यप्राण्यांचं काम! बाकीचे सहा तास गाडीतून उतरलेल्या माणसांना सांगायचं, की प्राण्यांपासून ७५ फूट लांब राहा, म्हणजे दोन बसगाड्यांची लांबी, आणि तुम्ही आत्ता एका रिक्षाच्या अंतरावर आहात. (रिक्षा मी मनात म्हणते.) सप्टेंबरात त्याच पार्कात एल्क ही मोठाली हरणं माजावर येतात, नर संध्याकाळी शीळ घालतात, आणि कुरणांच्या कडेला शेकडो माणसं जमतात. तिथेही व्हॉलंटियरांची पाठ एल्ककडे असते आणि तोंड माणसांकडे.

याला एक दुसरी बाजूही आहे. २०२३ च्या मे महिन्यात यलोस्टोनमध्ये बायसनचं एक नुकतं जन्मलेलं वासरू नदी ओलांडताना कळपापासून मागे राहिलं. एका पर्यटकाला दया आली. त्याने त्याला हाताने ढकलत नदीतून वर रस्त्यावर आणलं. पुढे कळपाने त्याला घेतलं नाही. ते गाड्यांच्या आणि माणसांच्या मागे धावायला लागलं. रेंजरांनी त्याला पुन्हा पुन्हा कळपात सोडायचा प्रयत्न केला, आणि शेवटी त्यांनाच त्याला मारावं लागलं. त्या माणसाच्या मनात काहीही वाईट नव्हतं, त्याला फक्त हात लावायचा होता.

तेव्हा प्राण्यांना माणसांपासून वाचवत उभं राहण्यात तुम्हाला मजा वाटणार असेल तर पुढे वाचा. नसेल तर एडिसनजवळच्या एखाद्या प्राणी-शेल्टरमध्ये कुत्री-मांजरं आहेत. त्यांना हात लावला तर आवडतो.

आता पाद्रे. तुमची निवड चांगली आहे, आणि वहिनींना ती मनापासून आवडेल असं मला वाटतं. तिथे अंडी घालायला मुख्यतः येणारं कासव म्हणजे केम्प्स रिडली. आपल्या कोकणात वेळास-आंजर्ल्याला येतं ते ऑलिव्ह रिडली. लेपिडोकेलिस या गोत्रात जगात जाती दोनच, त्या याच. म्हणजे वहिनींनी माहेरी पाहिलेल्या कासवाची ही सख्खी बहीण. फरक इतकाच की आपलं कासव बहुतेक वेळा रात्री वर येतं आणि हे भर दिवसा, तेही वारा सुटलेला असताना. मादी वाळू उकरून शंभरेक अंडी घालते, मग अख्खं अंग डावी-उजवीकडे आपटत वर वाळू चोपते आणि पाऊण तासात परत समुद्रात. आकाराने सगळ्या समुद्री कासवांत लहान, त्यामुळे वाळूवरचा माग उथळ असतो आणि वारा तो थोड्याच वेळात पुसून टाकतो.

म्हणून तिथे गस्त लागते. १९४७ साली मेक्सिकोतल्या रांचो नुएवोच्या किनाऱ्यावर काढलेल्या एका फिल्मवरून पुढे अंदाज बांधला गेला, की त्या एका दिवसात ४०,००० माद्या अंडी घालायला आल्या होत्या. १९८५ मध्ये अख्ख्या हंगामात मिळून ७०२ घरटी उरली. अंडी खाण्यासाठी खणून नेली गेली आणि मोठी कासवं कोळंबीच्या जाळ्यांत गुदमरून मेली. एकाच किनाऱ्यावर सगळा जीव टांगलेला नको म्हणून १९७८ ते १९८८ अशी अकरा वर्षं मेक्सिकोतून अंडी पाद्रेला आणली. ती पाद्रेच्या वाळूत ठेवली, आणि पिल्लांना इथल्याच वाळूवरून लाटेपर्यंत चालू दिलं, म्हणजे त्यांना हे आपलं माहेर वाटावं. ती वाढून परत येतील की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यातली पहिली कासवं अंडी घालायला आली ती १९९६ मध्ये. २०१७ साली टेक्सासच्या सगळ्या किनाऱ्यावर मिळून ३५३ घरटी सापडली. तिथलं काम ज्यांनी उभं केलं त्या डॉना शेव्हर १९८० साली पहिल्यांदा तिथे गेल्या त्या विद्यार्थी-व्हॉलंटियर म्हणूनच.

एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत व्हॉलंटियर आणि कर्मचारी छोट्या गाड्यांतून किनाऱ्यावर फेऱ्या मारतात. नजर वाळूवर. बहुतेक दिवशी काहीही दिसत नाही. माग दिसला, कासव दिसलं, तर थांबायचं, कळवायचं, जवळ कोणाला येऊ द्यायचं नाही आणि तज्ज्ञ येईपर्यंत राखण करायची. अंड्यांना कोणी हात लावायचा हे परवानगीवर ठरतं, कारण ही कायद्याने संरक्षित जात आहे. अंडी उचलून उबवणीच्या जागी नेतात. कारण टेक्सासात समुद्रकिनाऱ्यावर गाड्या चालवायला मुभा आहे, मग भरती आहे, कोल्ह्यासारखी जनावरं आहेत. सुमारे सात-आठ आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात. ती सोडायची वेळ आपण ठरवत नाही, पिल्लंच ठरवतात, त्यामुळे पक्कं आदल्या रात्री उशिराच कळतं. पहाटे मलाकीट बीचवर दोरीच्या मागे माणसं उभी, समोर तळहाताहून लहान काळी पिल्लं लाटेकडे चाललेली, आणि व्हॉलंटियर वरच्या सीगल्सना हाकलताहेत. वेळासला टोपली उचलल्यावर सगळ्यांचा श्वास थांबतो ना वहिनी, अगदी तसंच. फक्त नंतर मोदक मिळत नाहीत.

एक इशारा. जूनच्या १ तारखेला अटलांटिक चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे सुरू होतो, म्हणजे कासवांचा हंगाम अर्धाच झालेला असतो. पाद्रे हे समुद्रातलं लांबट वाळूचं बेट. तिथून मुख्य भूमीवरच्या कॉर्पस क्रिस्टी शहराकडे पळायला रस्ता एकच. घर चाकांवर आहे याचा आनंद आणि ते चाकांवर आहे याची भीती, दोन्ही त्या दिवशी एकदम कळतात.

अर्जाचं सोपं आहे. व्हॉलंटियर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सगळ्या पार्कांच्या जाहिराती असतात आणि कुठे आरव्हीसाठी, म्हणजे अशा चाकांवरच्या घरांसाठी, जागा देतात ते त्यात दिलेलं असतं. पार्कांत व्हॉलंटियर ठेवायची योजना १९७० पासूनची आहे, पद्धत रुळलेली आहे. जागेचे पैसे पडत नाहीत हे खरं, पण ती फुकट नाही, कामाचा मोबदला आहे. साधारण आठवड्याला २४ ते ३२ तास काम, किमान दोन-तीन महिने, आणि पुष्कळ ठिकाणी गाडीतल्या दोघांनीही काम करावं अशी अट. जागा मोजक्या, मागणी भरपूर, त्यामुळे सहा महिने ते वर्षभर आधी लिहायचं. पार्श्वभूमीची तपासणी होते. मग फोन येतो. त्या फोनवर लोक कासवांविषयी बोलत बसतात आणि नंतर पस्तावतात. तुम्ही विचारा: जागा किती फुटी, वीज ३० अँपियर की ५०, सांडपाण्याची जोडणी जागेवरच आहे का, मोबाइल चालतो का, सुट्टीचे दिवस सलग मिळतात का, कपडे कुठे धुवायचे. तुम्ही ग्रीन कार्डवर किंवा नागरिक आहात असं धरते. भारतातून पर्यटक व्हिसावर आलेल्या मेव्हण्याला सोबत कामाला लावायचा विचार असेल तर सोडून द्या. परदेशी व्हॉलंटियरांसाठी जे-१ व्हिसाचा वेगळा रस्ता आहे.

आणि 'नॅशनल पार्क' या नावाला फार चिकटून राहू नका. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी खात्याची रेफ्यूज, म्हणजे अभयारण्यं, असतात, तिथे गर्दी कमी आणि प्राण्या-पक्ष्यांचं काम जास्त. न्यू मेक्सिकोतलं बोस्के देल अपाचे, किंवा पाद्रेपासून फार लांब नसलेलं अरान्सास. अरान्सासला हिवाळ्यात हूपिंग क्रेन येतात, पांढरेशुभ्र, माणसाच्या छातीपेक्षा उंच क्रौंच. १९४१ मध्ये इथे येणाऱ्या थव्यात ते जेमतेम १५-१६ उरले होते, आज त्याच थव्यात पाचशेहून जास्त आहेत. रेफ्यूजमध्ये तुम्हाला कुंपण दुरुस्त करायला लावतील, पक्षी मोजायला लावतील, संडासही धुवायला लावतील. लॅबमध्ये एकतीस वर्षं नोंदी ठेवलेला माणूस त्यांना सोन्याचा वाटेल.

आता गाडी. आपल्याकडे म्हण आहे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. विंचवाला सांडपाण्याची टाकी रिकामी करावी लागत नाही. मोटरहोमला दोन टाक्या असतात, ग्रे म्हणजे मोरी आणि ब्लॅक म्हणजे संडास, आणि दोन्ही स्वतःच्या हाताने नळी लावून सोडाव्या लागतात. हे काम कोणाचं ते एडिसन सोडायच्या आधी ठरवा. आमच्याकडे ठरलं नव्हतं, आणि लग्नाच्या चाळिसाव्या वर्षी आम्ही त्यावरून दोन दिवस अबोला धरला.

३६ फूट घेऊ नका. पार्कांतले रस्ते आणि कॅम्पग्राउंड बहुतेक अशा काळात बांधलेले आहेत की त्यांना एवढी लांबी माहीतच नव्हती. शिवाय एवढी गाडी घेऊन भाजी आणायला जाता येत नाही, म्हणून मागे छोटी कार ओढावी लागते. गॅलनला आठ मैल धरा. एडिसन ते कॉर्पस क्रिस्टी सुमारे १,८०० मैल, म्हणजे एका वाटेला २२५ गॅलन. त्या हिशेबात वर्षभर 'एका पार्कातून दुसऱ्यात' हे चित्र पुसट होतं. अनुभवी लोक वर्षात दोन ठिकाणं करतात, फार तर तीन.

आमची पहिली गाडी वापरलेली होती. विक्रेत्याने सगळं तपासलंय म्हणून सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात पाऊस झाला आणि भिंत बाहेर सरकवायच्या भागाखालची जमीन पायाखाली मऊ लागली. पाणी बरंच आधीपासून मुरत होतं. गाडी सहा आठवडे दुरुस्तीला. गाडी दुरुस्तीला गेली की माणूस बस पकडतो, घर दुरुस्तीला गेलं की कुठे जाणार? आम्हाला परत जायला घर होतं म्हणून तो किस्सा आज मी हसून सांगते.

स्वयंपाकाचं वहिनींनी विचारलेलं नाही, पण सांगते. होतो. शेगडी असते, फ्रीज असतो, ओटा पोळपाटाएवढा असतो. फोडणी दिली की धुराचा अलार्म बोंबलतो, म्हणून आधी खिडकी आणि पंखा, मग मोहरी. ३० अँपियरच्या जोडणीवर एसी आणि इन्स्टंट पॉट चालू असताना कोणी मायक्रोवेव्ह लावला की अंधार. कुकरची शिट्टी रात्री दहानंतर नको, शेजारची माणसं हातात टॉर्च घेऊन बाहेर येतात. पाद्रेवर खाऱ्या वाऱ्याने डब्यांची झाकणंसुद्धा गंजतात, मिसळणाचा डबा चांगल्या स्टीलचा न्या.

पैशांत तुमचं लक्ष घराच्या किमतीकडे असेल. माझं तुमच्या दोघांच्या वयाकडे आहे. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, ६५ ला मिळतं. तुम्हाला दोन वर्षं आहेत आणि वहिनींना सहा. तोवरचा आरोग्यविमा बहुधा राज्याशी बांधलेला असतो, आणि न्यू जर्सीच्या डॉक्टरांचं नेटवर्क टेक्सासच्या बेटावर तुम्हाला काय कामाचं? कामावर असताना दुखापत झाली तर सरकारी व्हॉलंटियर म्हणून भरपाईचं संरक्षण मिळतं, पण रात्री गाडीत छातीत दुखलं तर ते तुमचं तुम्ही. घर विकल्यावर तुम्ही कोणत्या राज्याचे रहिवासी, हाही प्रश्न येतो. टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटाचा पत्ता घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्या पत्त्याबरोबर विमा, लायसन्स, कर सगळं बदलतं. पुढे तुम्ही ६५ ला आलात की फिरत्या माणसाने मूळचं मेडिकेअर आणि खासगी कंपन्यांमार्फत मिळणारं मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज यांतला फरक नीट समजून घ्यावा. पहिलं देशभर चालतं, दुसरं बहुधा ठरावीक भागापुरतं. राजीनामा दिला नसेल तर विम्याच्या माणसाशी आधी बोला, कंपनीच्या निरोप समारंभाचं नंतर बघा.

म्हणून माझं म्हणणं असं. या वर्षी घर विकायचं नाही. भाड्याने द्यायचंही नाही, कुलूप लावा आणि शेजाऱ्यांकडे किल्ली द्या. मे-जूनमध्ये पंचवीस फुटांच्या आतबाहेरची गाडी तीन आठवडे भाड्याने घ्या, आणि थेट पाद्रेला न जाता घराजवळच्या एखाद्या कॅम्पग्राउंडवर राहा. त्यात पावसाचे चार दिवस यावेत अशी प्रार्थना करा. दोघं जण, दोनशे चौरस फूट, बाहेर चिखल. त्यानंतरही बोलणं चालू असेल तर पुढच्या वर्षीच्या एका हंगामासाठी, एकाच जागी, अर्ज करा. घराचा निर्णय तो हंगाम संपल्यावर.

आणि आता ते, जे तुम्ही विचारलेलं नाही. तुमच्या पत्रात 'मी' हा माणूस आहे, 'हिला' कुठेच नाही. निवृत्त तुम्ही होताय, मोकळे प्राणी तुम्हाला हवेत, आणि अंगावर येणारं घर तुमच्या अंगावर येतंय. वहिनींच्या अंगावर ते येतं का, हे विचारलंत? एडिसनमध्ये त्यांच्या मैत्रिणी असतील, देशी दुकानांचा ओक ट्री रोड आहे, गणपतीत कोणाकडे किती मोदक हे ठरलेलं असेल. हे सगळं सोडून पत्र्याच्या डब्यात चार महिने, ज्यात दुसरा माणूस रोज सकाळी गस्तीवर जातो, म्हणजे त्यांच्यासाठी ते कासवांचं काम होणार नाही, वाट बघण्याचं होईल. मी अशा दोन जोडप्यांना हंगामाच्या मधेच गाडी वळवून जाताना पाहिलं आहे. दोन्ही वेळा यजमानांना प्राण्यांची सगळी नावं पाठ होती.

म्हणून दोन अर्ज. 'सोबत पत्नी येईल' अशी ओळ लिहिलेला एक नको. वहिनींनी त्यांचा स्वतंत्र भरावा, त्यांना हवं ते काम मागून: गस्त, माहिती केंद्र, पिल्लं सोडताना दोरीपाशी उभं राहून लोकांना समजावणं. तुम्ही किनाऱ्यावर कासव कधी पाहिलं ते लिहिलेलं नाहीत. त्यांनी पाहिलंय. मंडणगडमधल्या त्या किनाऱ्यावर भाऊ काटदरे आणि सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या लोकांनी २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखली, आणि जिथे अंडी चोरीला जात होती तिथे गाव त्यांचा राखणदार झाला. टेक्सासातल्या दोरीपाशी एखाद्या आठ वर्षांच्या मुलाला, या कासवांची बहीण जगात कुठे कुठे येते हे सांगणारं कोणी असेल तर त्या असतील. मुलाखत घेणारी मी असते तर आधी त्यांना घेतलं असतं.

त्यांना नकोच असेल तर तेही उत्तर आहे. मग तुम्ही एकटे सहा आठवडे जा. अशी कामंही असतात, आणि ती करून माणसं आनंदाने घरी परत येतात.

वहिनी, तुम्ही मला वेगळं लिहा. तुमच्या स्वतःच्या मेलवरून, त्यांना वाचायला न देता.